‘खरंच’ची जागा

४ मार्च

प्रिय खटक्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडता कपाटावर टाकलं असतंस, म्हणून पत्ता मावशीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. सात महिने तू फोन उचलत नाहीस. मावशी म्हणाली, "पत्र लिही. निदान मध्येच कट तरी करणार नाही." फाडता मात्र येतं, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

आधी कामाचं. बावीस तारखेला लिफ्टच्या अपघाताची फेरचौकशी आहे, ते तुला कळलं असेलच. मलाही साक्षीला बोलावलंय. तुमच्या संघटनेच्या वकिलांनी तुझी मूळ मराठी जबानी आणि मी केलेला इंग्रजी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून वाचला आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. तू म्हणाला होतास, ‘ब्रेक इतका झिजलाय हे मला खरंच माहीत नव्हतं.’ माझी इंग्रजी ओळ परत मराठीत आणली, तर ती होते, ‘ब्रेक इतका झिजलाय हे मला तसं नक्की माहीत नव्हतं.’ म्हणजे थोडंफार माहीत होतं. समितीने त्या ओळीवर तुझा लिफ्टदुरुस्तीचा परवाना काढून घेतला.

शब्द सगळे तेच आहेत. एक फक्त सरकलाय. ‘आय रिअली डिडन्ट नो’ हवं होतं, तिथे ‘आय डिडन्ट रिअली नो’ झालं. तो ‘रिअली’ नकाराच्या अलीकडे बसला की शपथ घेतो आणि पलीकडे बसला की डोळा मारतो.

हे मी तुला समजावून सांगावं, हा विनोदच आहे. परवान्याच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो, म्हणून आधी दोन महिने तू माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून हेच घोकत होतास. ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘यूज्वली’ साध्या क्रियापदाच्या आधी, पण ‘इज’ आला की त्याच्या नंतर. ‘ही ऑलवेज कम्स लेट’, पण ‘ही इज ऑलवेज लेट’. तू म्हणालास, "दोन्ही वाक्यं माझ्यावरच का?" आणि मग पेन आपटून, "आपले शब्द बघ, जागा दिसली की टेकतात. ह्यांना सीट नंबर लागतो." मी हसले होते, पण पहिल्या प्रयत्नात पास झालास.

तर झालं ते असं. त्या दिवशी माझ्या टेबलावर अकरा जबान्या होत्या. घाईत शब्द इकडचा तिकडे झाला. बावीस तारखेला मी तसं सांगणार आहे. चूक माझी, त्यात तुझा काही संबंध नाही. वकील म्हणतात, परवाना परत मिळेल.

तिथे काय काम करतोस ते मावशी सांगत नाही. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई


१० मार्च

खटक्या,

पत्र पोचल्याचं मावशीकडून कळलं. ‘त्याने घेतलं, खिशात ठेवलं,’ एवढंच म्हणाली.

आज आमच्या कचेरीतल्या थोरल्या अनुवादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही त्यांना पाठीमागे शब्दकोश म्हणतो. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "घाबरू नका. रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी सैल असतं. लोक ‘ओन्ली’ कुठेही ठोकतात, ‘रिअली’ कुठेही घुसवतात. ‘दोन्ही चालतं’ म्हणा आणि मोकळ्या व्हा. तुम्हाला कुणी धरू शकत नाही." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तो लिफ्टवाला तुमच्या ओळखीचा आहे का?"

मी नाही म्हणाले. लग्नानंतर आडनाव बदललं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तुझी जबानी माझ्याकडे आली त्याच दिवशी ‘हा माझा भाऊ आहे, कागद दुसऱ्याला द्या’ असं सांगायला हवं होतं. नियमच आहे तो. मला वाटलं, आपल्या माणसाचं बोलणं परक्या हातात कशाला द्यायचं.

आणि काल मी त्या बाईंकडे जाऊन आले. लिफ्टमध्ये होत्या त्या सफाईवाल्या बाई. पूर्वी दुसरीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आता भाचीकडे तळमजल्यावर आल्यात. खुब्याचं हाड सांधलंय, पण चार पायांची काठी धरूनच चालतात. मी म्हणाले, चौकशीतली अनुवादक आहे, एक-दोन गोष्टी तपासायच्यात. तपासायचं काही नव्हतं. बहीण आहे, हे सांगितलं नाही. त्यांनी चहा केला, काठी ओट्याला टेकवून, एका हाताने. मी नको नको म्हणत तो प्यायले.

त्या म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर दार लागलं आणि लिफ्ट आपली आपणच निघाली. बादलीतलं पाणी आधी वर उडालं, मग मी खाली बसले. बसले म्हणजे काय, ते तुम्हाला कळेल." नंतर म्हणाल्या, "त्या पोराला थोडं माहीत होतं म्हणे. मला कुणीतरी वाचून दाखवलं. थोडं माहीत असून माणूस गप्प बसतो, त्याचाच मला राग आहे. काहीच माहीत नसतं, तर मी राग तरी कुणावर धरला असता?"

सात महिने त्या बाई माझ्या वाक्यावर राग धरून बसल्या आहेत.

ताई


१५ मार्च

खटक्या,

चार तारखेच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

अकरा जबान्या होत्या, हे खरं आहे. घाई नव्हती. तुझी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, शांतपणे करायची म्हणून. दुपारी जेवून आले, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांवर स्टेपलर ठेवला आणि सुरुवात केली. चौदावी ओळ आली. मी ‘आय रिअली डिडन्ट नो’ असंच लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं.

मग मी त्या ओळीकडे बघत बसले. त्या अपघाताच्या आठ दिवस आधी तू माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवत होतास. मी "बस की" म्हणाले. तू म्हणालास, "वेळ नाही. त्या सहामजलीतली लिफ्ट कुरकुरतेय, बघायला पाहिजे." हात धुतलास आणि गेलास. आठ दिवसांनी तीच सहामजली इमारत. आणि कागदावर तू शपथेवर सांगत होतास की मला खरंच माहीत नव्हतं.

मला वाटलं, हा खोटं बोलतोय. लहानपणी रेडिओ उघडून ठेवायचास आणि ‘आपोआप उघडला’ म्हणायचास, त्याच चेहऱ्याने बोलतोय. मी तुझ्या तोंडी नवीन शब्द घातला नाही, एकही काढला नाही. फक्त ‘रिअली’ खोडून एक घर पुढे लिहिला. मनाशी म्हटलं, आता हे खरं झालं. कुणी विचारलं तर ‘सरकला’ म्हणता येईल, तेवढंच मी केलं. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली नाही.

परवाना जाईल असं वाटलं नव्हतं. वाटलं, ताकीद देतील, तू जरा सुधारशील. थोरली बहीण आहे ना मी, मला सगळं कळतं.

पण हेही सगळ्यात वाईट नाही. निकालाचा कागद घेऊन तू माझ्या दारात आलास. घामाघूम होतास. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होतीस. तू विचारलंस, "ताई, हे असं का लिहिलंय?" आणि मी म्हणाले, "इंग्रजीत असंच म्हणतात."

तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. मग "बरं" म्हणालास, कागदाची घडी घातलीस आणि जिना उतरून गेलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

बावीस तारखेला काय बोलायचं, ते अजून मला ठरवता येत नाहीये. ‘चूक झाली’ म्हणाले तर तू सुटतोस आणि मीही सुटते. पण तुला जर माहीत होतं, तर त्या बाई चार पायांच्या काठीवर चालताहेत आणि आपण दोघं सुटलो, असं होतं. ‘मुद्दाम केलं’ म्हणाले तर ‘का केलं’ विचारतील, आणि मग मला तुझं ते स्वयंपाकघरातलं वाक्य सांगावं लागेल.

तू एक ओळ लिही. शिवी लिही हवं तर.

ताई


१८ मार्च

ताई,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन खिशातच होती, तिसरं आल्यावर एकदम वाचली.

‘इंग्रजीत असंच म्हणतात’ म्हणालीस, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. दोन महिने तुझ्यासमोर बसून मी दुसरं काय शिकलो होतो? ‘नॉट’च्या आधी काय, नंतर काय, यावर तू मला वहीभर वाक्यं करायला लावली होतीस. मी दारात उभा होतो तो एवढ्यासाठी, की आता तरी विचारशील, तुला माहीत होतं का. तू विचारलं नाहीस. त्याचाच राग आला. परवान्याचा नंतर आला.

कुरकुर सामानाच्या लिफ्टची होती. मागच्या जिन्याजवळची, खोकी वर न्यायची. त्या इमारतीत लिफ्ट दोन आहेत. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिचा रोलर बदलला. देखभालीच्या तक्त्यात नोंद आहे, वॉचमनची सही आहे. बाई होत्या त्या पुढच्या लिफ्टमध्ये. पुढची लोण्यासारखी चालत होती. तिचा ब्रेक गेलाय हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या वाक्यात तो शब्द होता तिथेच हवा होता.

आता दुसरं. हे वकिलांना सांगितलेलं नाही.

दर महिन्याला ब्रेकच्या पट्ट्याची जाडी मोजायची असते. माप लावून. आम्हा चौघांत माप एकच, आणि त्या दिवशी ते दुसऱ्याच्या गाडीत होतं. मी टॉर्च मारून डोळ्यांनी बघितलं. बरं वाटलं. तक्त्यात ‘मोजलं’च्या चौकोनात खूण केली. सगळेच करतात. त्याच्या आदल्या महिन्यातही मी तसंच केलं होतं.

म्हणजे मला माहीत नव्हतं, हे खरं. माहीत करून घ्यायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही, हेही खरं. जबानीत मला एवढंच विचारलं, ‘माहीत होतं का?’ मी तेवढंच उत्तर दिलं. आपण थोडे सारखेच आहोत, ताई.

इथे मी दुकानांची शटरं दुरुस्त करतो. शटर पडलं तर फार तर पायावर पडतं.

बावीस तारखेला येणार आहे. तू काय बोलायचं ते तू ठरव. मला सोडवायला बोलू नकोस. आणि मापाचं ज्याला सांगायचं त्याला मी सांगेन. अजून जमत नाहीये, पण मी सांगेन.

धाकटा


२३ मार्च

खटक्या,

तू बाहेर बाकावर होतास तेव्हा आत काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. आणि एका गोष्टीची माफीही मागायची आहे.

खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे तिघं, मध्ये त्या अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, स्वतः इंजिनियर. माझ्यासमोर दोन्ही कागद ठेवले होते. मी काही बोलायच्या आधीच तुझ्या कंपनीचे वकील म्हणाले, "रोजच्या इंग्रजीत हा शब्द लोक इकडेतिकडे टाकतातच. अनुवादकबाईंचा काही दोष नाही. ओळ आहे तशी राहू द्यावी." किती गोड बोलले. शब्दकोशही मागच्या खुर्चीवरून मान डोलावत होते. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "नाही. या वाक्यात तो शब्द वाटेल तिथे टाकून चालत नाही. जागा बदलली की अर्थ बदलतो."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग ही घाईतली चूक समजायची का?"

"नाही. मी आधी बरोबर लिहिलं होतं. मग खोडून शब्द हलवला. जाणूनबुजून."

टाइप करणारी मुलगी थांबली. अध्यक्षबाईंनी तिला हाताने ‘चालू ठेव’ अशी खूण केली. मग मला विचारलं, "कशासाठी?"

"मला वाटलं, साक्षीदार खोटं बोलतोय."

"तुम्ही तर त्याला भेटलाही नव्हतात. तुम्हाला असं का वाटावं?"

"तो माझा भाऊ आहे."

शब्दकोशांची खुर्ची करकरली. कंपनीचे वकील मात्र खूश झाले. लगेच म्हणाले, "म्हणजे सख्ख्या बहिणीलाही खात्री होती की त्याला माहीत होतं. मग ओळ बरोबरच आहे." खटक्या, मी तुला सोडवायला आलेली नव्हते, पण बुडवायलाही आलेली नव्हते. मी स्वयंपाकघरातलं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. आणि सांगितलं, की कुठली लिफ्ट हे मी तेव्हा विचारलं नाही, तक्ता बघा. तक्ता आणला. मागच्या लिफ्टच्या पानावर तुझी नोंद होती, रोलर बदलला, तारीख, वॉचमनची सही. अध्यक्षबाईंनी ते पान बाकीच्या दोघांना दाखवलं, मग वकिलांपुढे सरकवलं. त्यांनी आपली फाइल मिटली.

तिथे संपायला हवं होतं. पण अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्हाला याबद्दल आणखी काही माहीत आहे का?"

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर. ‘नाही’ म्हणाले असते तर पुन्हा खोटं झालं असतं, आणि सांगितलं असतं तर पुन्हा तुझ्या तोंडचं मी बोलले असते. मी म्हणाले, "आहे. पण ते त्याचं आहे. तो बाहेर बसलाय, त्याला विचारा."

त्यांनी तुला आत बोलावलं ते त्यामुळे. दारात तू समोरून आलास, तेव्हा मला तुला सांगायचं होतं की आत काय विचारणार आहेत. मध्ये शिपाई होता, आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू म्हणाला होतास, मी सांगेन, अजून जमत नाहीये. मी तुला वेळ दिला नाही. माफी मागायची आहे ती याची. पुन्हा तशी वेळ आली तर मी दुसरं काय करीन, तेही मला माहीत नाही.

बाहेर त्या बाई काठी पुढ्यात धरून बसल्या होत्या. त्यांना आतलं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही त्याची बहीण. माझ्या घरी चहा पिऊन गेलात, तेव्हा बोलला नाहीत."

"नाही बोलले."

"मग त्याला माहीत होतं की नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता बरं वाटेल त्यांना. पण त्या म्हणाल्या, "मग ब्रेक झिजेपर्यंत कुणी बघितलंच नाही का?" मी दाराकडे बोट दाखवलं. "आत तेच चाललंय."

मी तुझ्यासाठी थांबले नाही. थांबायला हवं होतं. घाबरले.

आज सकाळी माझं नाव अनुवादकांच्या यादीतून काढलं. ओळखपत्र परत घेताना शब्दकोश म्हणाले, "एका ‘हो’ने भागलं असतं हो." आवाजात राग नव्हता, खरोखरच वाईट वाटत होतं त्यांना. एका शिकवणीवर्गात विचारून आलेय. सोमवारपासून पाचवीची मुलं.

ताई


२७ मार्च

ताई,

निकाल काल हातात आला. ती चौदावी ओळ दुरुस्त केली. परवाना आणखी सहा महिने बंद, मग पुन्हा परीक्षा द्यायची. कंपनीलाही नोटीस आहे, प्रत्येक माणसाला स्वतःचं माप दिल्याशिवाय तपासणीला पाठवायचं नाही.

तू दारातून बाहेर आलीस तेव्हा मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर आत गेलोच नसतो. आत गेल्यावर अध्यक्षबाईंनी एकच विचारलं. पट्टा मोजला होता का? दुभाषी शेजारी बसला होता. मी त्याला थांबवलं आणि स्वतःच इंग्रजीत सांगितलं, ‘आय डिडन्ट मेजर इट.’ ना आधी काही जोडलं, ना नंतर. नंतर मग त्याच्या आदल्या महिन्याचंही सांगितलं. खुणांचं सांगितलं. आमच्या संघटनेच्या वकिलांनी डोक्याला हात लावला. तू मला कोपऱ्यात ढकललंस हे खरं आहे. तू ढकललं नसतंस तर मी या महिन्यात बोललो नसतो, आणि पुढच्या महिन्यात बोललो असतो की नाही, सांगता येत नाही. राग आहे अजून. पूर्वीएवढा नाही.

बाहेर आलो तर त्या बाई तिथेच होत्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "इथे नको. उभ्या उभ्या, माणसांत नको. घरी ये आणि नीट सांग. मला विचारायचंही आहे बरंच." मी हो म्हणालो. नंतर बसमध्ये बसल्यावर घाबरलो. समितीपुढे घाबरलो नव्हतो.

रविवारी सकाळी दहाला जाणार आहे. पत्ता तुला माहीत आहे, मला विचारत विचारत जावं लागेल. त्यांच्या फाटकापाशी सव्वादहापर्यंत थांबेन, मग एकटा आत जाईन. तू आलीस तर बरं होईल.

आधी मी बोलणार. मी अडखळलो, चुकलो, काहीच्या बाही बोललो, तरी तू मध्ये बोलायचं नाहीस.

धाकटा